न धुतलेली पेटी

आमच्या संस्थेच्या तळघरात दगड धुणाऱ्या मामांचं काम एकतीस वर्षांत एकदाच मागे पडलं. एरवी उत्खननातून आलेली पेटी सात दिवसांत धुऊन, वाळवून, क्रमांक टाकून कपाटात जायची. हजारो वर्षं मातीत पडलेली दगडी हत्यारं मामांच्या हातून लखलखीत होऊन निघत.

गेल्या वर्षी नव्या संशोधक बाई आल्या. दगडाच्या धारेवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि त्या काळच्या माणसांनी त्याने काय कापलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. मांस, कातडं, लाकूड, गवत, प्रत्येकाची खूण वेगळी. आमच्या दगडांवर मात्र सगळीकडे एकच चकाकी दिसली. बाईंनी टिपणात लिहिलं, लव्हाळा कापल्याची असावी. ही माणसं चटया विणत असतील. मामांनी ते घरी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडेसुद्धा चटया होत्या, आणि तुम्ही अजून फरशीवर झोपता!" आठवडाभर मामा हे ज्याला त्याला सांगत होते.

मग एका दुपारी बाई खाली आल्या. सोबत विभागप्रमुख.

"मामा, ही चकाकी धारेवर आहे तशी पाठीवरही आहे. पाठीने कोण गवत कापतं? तुम्ही घासता कशाने?"

"मऊ ब्रशने," विभागप्रमुखच बोलले. "तसा नियम आहे."

उत्तर आयतं मिळालं होतं. मामांनी नुसती मान हलवली असती तरी खपून गेलं असतं. त्यांनी मोरीवरचा ब्रश उचलून पुढे केला. "तारेचा आहे, बाई. मऊनं माती सुटत नाही. पहिल्या दिवसापासून तारेचाच."

बाईंनी नुकताच फोडलेला कोरा दगड त्यांना घासायला दिला. मामांनी नेहमीसारखाच घासला. मग सूक्ष्मदर्शकाला आधी बाईंनी डोळा लावला, नंतर मामांनी. आयुष्यात पहिल्यांदाच.

"तीच आहे?"

"तीच, मामा."

"म्हणजे चटया नव्हत्या."

"असतीलही. या दगडांवरून आता कळायचं नाही."

न धुतलेलं काही उरलंय का, असं बाईंनी विचारलं. टेबलाखाली एक पेटी होती. दोन वर्षांपूर्वी मामांची बायको बारा दिवस दवाखान्यात होती आणि तिथेच गेली. त्याच दिवसांत आलेली ही पेटी. दिरंगाईचा मेमो निघाला, तो कचेरीत मीच टाइप केला. मामांनी सही केली, पण त्या पेटीला हात लावणं काही त्यांना जमलं नाही.

बाईंनी ते त्रेचाळीस दगड नुसते पाण्यात ठेवून साफ केले. कातडं खरवडल्याच्या, हाडावर घासल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. अहवाल तेवढ्यांवरच झाला. उरलेल्या चार हजारांसाठी एक ओळ होती: धुताना खुणा नष्ट झाल्याने वगळले. मामांनी ती माझ्यासमोर उभं राहून दोनदा वाचली.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी नोकरीतून सुटतो. तेवढा तो मेमो फाइलमधून काढता येईल का?"

फाइलमधला कागद काढता येत नाही. मी तसं सांगितलं.