माळावर लावलेलं जंगल

तानाजीने संयोगिताला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते ती वनखात्याच्या एका साहेबावर ओरडत असताना. म्हसवडच्या स्टँडबाहेर त्याची भाड्याची जीप उभी होती. ही रहिमतपूरच्या सुभेदाराची लेक, हातात नकाशा धरून, "पडीक? अहो, लांडगे राहतात त्या माळावर!" असं बजावत होती. साहेब निघून गेले. ती जीपमध्ये येऊन बसली, ओढणीने चष्मा पुसला आणि म्हणाली, "काका, माळावर घ्या."

वनखात्याने तिला पाहणीच्या कामावर घेतलं होतं; मग तिला फिरवायचं काम तानाजीकडेच आलं. राखीव जंगलं वर्षागणिक किती वाढली आणि या मुलखातले किती तऱ्हेचे जीव त्यांच्या आत आले, हे ती ताडून पाहायची.

"मंग वाढली न्हवं जंगलं?" तानाजीने एकदा विचारलं.

"वाढली ना! शाळेचा पट वाढला, पण सगळी पोरं एकाच आळीतली. जी वाढ झाली ती डोंगरात. माळावरचा लांडगा, खोकड, धाविक पक्षी तेव्हाही बाहेर होते, आजही बाहेरच." बोलताना तिच्या मानेची शीर ताठ व्हायची. सुभेदारांची पोर शोभते, असं तानाजीला वाटायचं.

भांडून भांडून तिने राखीव जंगलं ठरवणाऱ्या समितीला माळ पाहायला यायला लावलं. गवताचा माळ समितीला पटला, तर तो राखीव होणार होता. ही बातमी तानाजीनेच हौसेने माळालगतच्या गावात पोचवली.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती तानाजीच्या जीपमधून आली, तर वेशीत सरपंच राहीबाई हार घेऊन उभ्या. "म्याडम, डोळं झाका बरं!"

माळावर नेऊन त्यांनी डोळे उघडायला लावले. जेसीबीने गवत खरवडलेलं. ओळीने खड्डे, खड्ड्याखड्ड्यात गुलमोहराची रोपं, आणि वर पाटी : 'संयोगिता वन'.

"उद्या दावायला कायच न्हाई, म्हणून जंगलच क्येलं," राहीबाई म्हणाल्या. "समदा गाव राबला. बायका डोक्यावर पानी घेऊन आल्या."

संयोगिता खरवडलेल्या जमिनीवर चार पावलं चालली. मग ती कडाडली, "कुणी सांगितलं होतं? उघड्या जमिनीवर अंडी घालतो तो धाविक पक्षी! आता घालील कुठं?"

राहीबाईंचा चेहरा उतरला. "आवं, झाडं लावा, झाडं लावा म्हणून साळंपासनं तुमी साहेब लोकांनीच शिकिवलं की आमाला. आता आमीच वाईट व्हय?"

तिने गळ्यातला हार काढला, पण भिरकावला नाही, राहीबाईंच्या हातात ठेवला. "तुमच्यावर नाही चिडले मावशी. हिरवं दिसलं की जंगल वाचलं, असं मोजायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर चिडलेय." तानाजीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी समिती चहापुरती थांबली. साहेबांनी रोपांपाशी फोटो काढून घेतले, 'वृक्षलागवड झालेली जमीन' असा शेरा मारला आणि राखीव क्षेत्रात डोंगरातलाच आणखी एक कडा घातला. क्षेत्र वाढलं म्हणून साताऱ्याच्या सभेत टाळ्या पडल्या. संयोगिता उठून म्हणाली, "आत नवीन कोण आलं तेवढं सांगा. एक तरी नाव सांगा." मंडप सोडणारे खुर्च्या उचलू लागले तरी ती विचारतच होती.

पुढे त्या कामावर तिला ठेवलं नाही. सध्या ती रहिमतपूरला आईजवळ राहते, मिरजेच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवते आणि रविवारी तानाजीच्या जीपमधून राहीबाईंच्या शेजारच्या गावचा माळ मोजायला जाते.