कोरा मांजरपाट

आज लेकीनं सुईत ओवण्याआधी दोरा मेणाच्या गोळीवरून ओढला, आणि त्या वासानं आष्टीतली एक सकाळ आठवली. दुसऱ्या दिवशी मला नोकरीसाठी तहसील कचेरीत उभं राहायचं होतं. नव्या बंडीचा मांजरपाट बायकोनं बेतण्याऐवजी पाण्यात बुडवला. मी चिडलो.

"आता ह्ये कवा वाळायचं अन् कवा शिवायचं?"

"कोरं कापड आटतंय. सायबापुढं बेंबी दाखवत उभं ऱ्हायचं हाय का तुमाला?"

बाजेवर वाळल्यावर मी मोजलं. तीन हातांत चार बोटं आटलं होतं. मेणावलेल्या दोऱ्यानं तिनं दिवस मावळायच्या आत बंडी शिवली. नोकरी मिळाली. बंडी अकरा वर्षं टिकली.

"तवा माझं चुकलं होतं," मी तिला आज म्हणालो.

"बंडी फाटून बी नऊ वर्षं झाली की," ती म्हणाली.