मागच्या चाकावरचा बिछाना

एकाच दिवशी दोघं निवृत्त झाली. हॉर्नकाका आणि शाळेची सात नंबरची बस. काकांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, बसला तेही मिळालं नाही. ज्या माणसाला एकतीस वर्षं मिनिटामिनिटावर पळवलं, त्याला वेळ बघायची गरज संपल्यावर घड्याळ द्यायचं, ही शाळेची अक्कल. काकांनी ते घेतलं, आभार मानले आणि घरी आणून खिळा न ठोकता कपाटावर ठेवून दिलं.

हॉर्नकाका हे नाव पोरांनी पाडलेलं. दारापुढे गाडी थांबली की दोन छोटे हॉर्न, तिसरा नाही. दोन हॉर्नांत जे पोर बाहेर आलं नाही ते आजारी आहे असं समजून गाडी पुढे जायची. आळशी पोरांच्या आया त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, पण एकतीस वर्षांत शाळेची घंटा सात नंबरसाठी कधी थांबली नाही.

घर म्हणाल तर एक खोली आणि स्वयंपाकघर. बायको होती तोवर ते भरलेलं वाटायचं, कारण ती एकटीच चार माणसांएवढं बोलायची. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून काका रेडिओशी बोलत. बातम्या देणाऱ्याला "काय सांगतोस!" म्हणत. रेडिओ उलट विचारत नाही, एवढीच त्याची खोड.

मुलगा सहा तासांच्या अंतरावर, मोठ्या शहरात. वाईट नाही हो मुलगा. दर रविवारी फोन, औषधं घेतली का, गुडघा कसा आहे, सगळं विचारतो. पण "कधी येतोस?" म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "बाबा, यायला काय हो, पण राहणार कुठे? एका खोलीत चार माणसं. तिला वेगळी खोली लागते अभ्यासाला, झोपायला." ती म्हणजे काकांची नात. काका तिला पिटुकली म्हणत. आजी गेली तेव्हा सात वर्षांची पिटुकली चार दिवस इथे राहिली होती, आजोबांच्या मांडीवर बसून बसचं स्टिअरिंग फिरवत. त्यानंतर मुलगा दोनदा आला, एकटा, कामापुरता. पिटुकली फोनवर दिसायची, पण फोनवर फक्त चेहरा दिसतो.

जागा नाही म्हणून येत नाहीत, तर जागा करू. सरळ माणसाचा सरळ हिशेब. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मुलाच्या सबबीमागे आणखी काही असेल का, हे बापाने कशाला शोधायचं? सात नंबर शाळेच्या मागच्या आवारात उभी राहून गंजत होती. घड्याळ परत घ्या पण गाडी द्या, असं काका मुख्याध्यापकांना सांगून आले. घड्याळ त्यांनी परत घेतलं नाही, गाडी मात्र भंगारवाल्याकडे जायची ती काकांकडे आली.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," वेल्डर म्हणाला. हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. सात नंबरचा प्रत्येक सांधा त्याने कधी ना कधी जोडलेला. "अरे, या वयात गुडघ्याला तेल लावून बसायचं सोडून बसमध्ये घर बांधतोस?"

"बसमध्ये घर नाही रे. शनिवार-रविवारची खोली. मुलगा, सून, पिटुकली आली की तळ्यावर जायचं. दोन दिवस राहायचं, परत यायचं. महिन्यातून एकदा."

"ते येणार म्हणालेत?"

"जागा झाली की येतील."

वेल्डर मशीन आणायला गेला.

चव्वेचाळीस सीटा काढायला तीन आठवडे गेले. बोल्ट असे गंजलेले की जणू सीटा जमिनीतून उगवल्या असाव्यात. प्रत्येक सीटखाली पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, वाळलेला च्युइंगम, एक दात. दुधाचा दात, कागदात नीट गुंडाळलेला. कुणाचा ते कसं कळणार? काकांनी तो टाकला नाही, ठेवलाही नाही. दोन दिवस खिशात घेऊन हिंडले आणि मग दारातल्या झाडाखाली पुरला.

सीटा गेल्यावर गाडी इतकी मोठी दिसायला लागली की काका दारातच थबकले. एकतीस वर्षं मागे वळून बघितलं की गच्च गाडी. आता टोकापर्यंत नुसता पत्रा. त्यांनी उगाच एकदा "खाली बसा रे!" अशी हाक दिली आणि आवाज मागच्या काचेवर आपटून परत आला. त्या दिवशी त्यांनी काम लवकर बंद केलं.

नियमाप्रमाणे पिवळा रंग काढावा लागतो, तो काढून फिका निळा दिला. छपराच्या आत थर्माकोल, वर प्लायवूड, नाहीतर उन्हात पत्र्याची भट्टी होते. एका बाजूला दोन बर्नरची शेगडी आणि पायाने दाबायच्या पंपाचं बेसिन. सर्वांत मागे आडवा मोठा पलंग, मुलगा-सुनेसाठी. ड्रायव्हरच्या मागे घडीचा बाक, स्वतःसाठी. आणि डाव्या मागच्या चाकाचा जो उंचवटा आत येतो त्यावर, मोठा पलंग आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये, पिटुकलीचा बिछाना. खिडकीशी, तिच्या उजेडासाठी वेगळा दिवा, पुस्तकं ठेवायला कप्पा. मोठ्या पलंगाला चार दिवस लागले, या बिछान्याला पंधरा.

"पोरगी केवढी आहे?" वेल्डरने चौकट जोडण्याआधी विचारलं.

काकांनी हात छातीच्या जरा खाली धरला. "एवढी. वर वीतभर धरू, वाढली असेल."

आता इथे काकांची चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाचीच होऊ शकते. सात नंबरच्या दाराच्या खांबावर एक पांढरी रेघ होती. रेघेच्या खालची पोरं पुढच्या तीन रांगांत, वरची मागे. पुढची पोरं काकांच्या हाताखालची. त्यांची उंची, वजन, दप्तराचं ओझं, सगळं त्यांना न मोजता कळायचं. पोर रेघेच्या वर गेलं की मागे जायचं, आणि मागची पोरं म्हणजे आरशातली डोकी. त्यांच्या डोक्याखाली किती लांब पाय फुटले, हे ड्रायव्हरला कधी दिसत नाही. शिवाय पुढच्या रांगा दर वर्षी नव्याने भरायच्या. एकतीस वर्षं काकांच्या मागची पोरं सहा-सात वर्षांचीच राहिली. पिटुकली आली होती तेव्हा रेघेच्या दोन बोटं खाली होती. बारा वर्षांची झाली तरी काकांच्या हाताला ती तिथेच उभी होती. बिछाना साडेचार फुटांचा झाला.

दहा महिन्यांनी गाडी तयार झाली. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा काकांनी आधी हेच सांगितलं. "जागा झाली बघ. चौघांची. पुढच्या शनिवारी तळ्यावर जाऊ."

"पुढच्या शनिवारी... बरं. येतो, बाबा."

काकांनी फोन ठेवला आणि रेडिओला सांगितलं, "येतायत."

शनिवारी सकाळी त्यांच्या मोटारीतून आधी मुलगा उतरला, मग सून. मग एक उंच मुलगी उतरली, कानात इअरफोनच्या तारा, पाय कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या पक्ष्यासारखी. काका तिच्यामागे बघत राहिले, पिटुकली अजून गाडीत असेल म्हणून.

"आजोबा!" मुलगी म्हणाली आणि वाकून त्यांच्या गळ्यात पडली. वाकून! आनंद झालाच, कोण म्हणतं नाही झाला, पण त्याच क्षणी त्यांना साडेचार फुटांची फळी आठवली.

तळ्यापर्यंतचा दीड तास मात्र सोन्यासारखा गेला. सून पुढे बाकावर बसून प्रत्येक गोष्टीचं कौतुक करत होती, मनापासून. "बाबा, हा पंप तुम्ही एकट्याने बसवला? आमच्या घरातला नळ हे सहा महिने दुरुस्त करतायत." मुलगा हसला. नातीने खिडकी उघडून हात बाहेर काढला आणि काकांनी सवयीने आरशात बघून "हात आत!" म्हणून दरडावलं. सगळे हसले, काकाही. एवढा आवाज गाडीत वर्षभरात झाला नव्हता.

संध्याकाळी, चहा झाल्यावर, पिटुकली बिछान्यावर आडवी झाली. डोकं उशीवर, आणि घोट्यापासून पुढचे पाय टाकीवर. तिने पाय पोटाशी घेतले. कुशीवर वळली. भिंतीला गुडघे लागले. "छान आहे, आजोबा," ती म्हणाली. "मी अशीच झोपते, गोळा होऊन."

"खोटं नको बोलूस, तू घरी अख्खा पलंग व्यापतेस," मुलगा म्हणाला आणि मग वडिलांकडे न बघता पुढे बोलला, "बाबा, तिची मान अवघडेल. वरच्या रस्त्याला लॉज आहे, आम्ही तिघं तिथे झोपतो. सकाळी चहाला येतोच."

"मी खाली चादर टाकते की," सून म्हणाली. "ती माझ्या जागी झोपेल."

"कशाला त्रास? दहा मिनिटांवर तर आहे."

"जा, जा," काका म्हणाले. "चूक माझीच आहे. माप न घेता फळी कापली. शेंबडं पोरही कापणार नाही अशी."

तिघं टॉर्च घेऊन चढण चढून गेले. पुढचं काय सांगायचं? मोठ्या पलंगावरची नवी चादर घडी न मोडता राहिली. काका आपल्या घडीच्या बाकावर पडून राहिले. पण मन अगदीच खट्टू नव्हतं, हे विशेष. मुलगा येत नाही, का येत नाही, हे पाच वर्षं त्यांना कळलं नव्हतं. आज कारण हाताला लागलं होतं. सात-आठ इंच. सात-आठ इंचांचं काय मोठं? टाकी पुढे सरकवायची, फळी लांब करायची, पुढच्या महिन्यात सगळे इथेच झोपतील.

उजाडल्याबरोबर त्यांनी फळी काढली आणि टाकीचे बोल्ट सैल करायला घेतले. तेवढ्यात दारात पिटुकली. एकटीच आलेली, केस विस्कटलेले.

"आई-बाबा झोपलेत अजून. मी म्हटलं तुम्ही एकटे असाल."

"ये, ये. बरं झालं. उभी राहा बघू नीट, भिंतीला पाठ लावून." काकांनी टेप काढली. पाच फूट एक. "आता पक्कं माप. झोप लागली का लॉजवर?"

"हो, मस्त खोली आहे. तळं दिसतं खिडकीतून. बाबांनी सोमवारीच सांगून ठेवलं होतं ना, तळ्याच्या बाजूची द्या म्हणून, त्यामुळे मिळाली. नाहीतर ती मिळत नाही म्हणे."

टेप सुर्रकन आपोआप गुंडाळली गेली. काकांनी ती पुन्हा ओढली. सोमवारी. म्हणजे रविवारी फोन झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा या फळीची लांबी जगात फक्त काकांना आणि वेल्डरला माहीत होती.

काकांना राग आला. आला, गेला नाही, पण पोरीसमोर तो काढायचा कुणावर? त्यांनी कानामागची पेन्सिल घेतली. "पाच फूट एक. पुढच्या महिन्यात आलात की तुझे पाय कसे सरळ राहतात बघ."

"पुढच्या महिन्यात माझी पोहण्याची स्पर्धा आहे." पिटुकली बोटांवर मोजायला लागली. तिला काही लपवायचं नव्हतं, ती खरंच आठवत होती. "मग परीक्षा. मग सुट्टीत आईच्या मैत्रिणीकडे जायचंय. मग बाबांचं..." ती थांबली. भिंतीवर टेकवलेल्या टेपकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, चार बोटं जास्त ठेवा."

काकांनी मान हलवली. पाच फूट एकच्या पुढे चार बोटं ठेवून प्लायवूडवर बारीक रेघ मारली. पिटुकली चहाचं पाणी ठेवायला पंपाशी गेली. ती पाठमोरी आहे असं बघून काकांनी ती रेघ अंगठ्याने पुसली आणि आणखी चार बोटं सोडून दुसरी मारली.