व्हॅलेन्सियाची होळी आणि सासूबाईंची बोंब

मंडळी, अजून छाती धडधडतेय!

आमच्या इथल्या, जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बिल्डिंगमधली स्पॅनिश शेजारीण मारिया आज चहाला आली होती. तिचे बाबा व्हॅलेन्सियात सुतार आहेत. त्यांनी वर्षभर खपून घडवलेला दोन मजली उंच पुतळा ती व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. मी "वा!" म्हणेपर्यंत लोकांनी तो पेटवला! बाबा समोर निमूट उभे.

मी किंचाळलेच. मारिया डोळे पुसत म्हणाली, "पूर्वी हिवाळा संपला की सुतार हिवाळ्यात दिवे टांगायला वापरलेले लाकडी खांब जाळायचे म्हणे. त्यातूनच हा सण आला."

तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी, तोंडावर हात मारत, फोनसमोर खणखणीत बोंब ठोकली!

"अहो आई! ती रडतेय!"

"मग? होळी पेटल्यावर गप्प बसायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पलीकडून तिचे बाबाही तस्सेच बोंबलायला लागले! मग धापा टाकत काहीतरी म्हणाले. मारियाने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं, "दरवर्षी मी रडू गिळून उभा राहतो. असं ओरडता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

तुम्ही शेवटचं कधी ओरडलात हो, असं मोकळं?