वाशीमचं फ्रान्सवालं नाटक अन् नामदेवाची अडलेली सोयरीक

फ्रान्स देशातला एक नाटक लिहिणारा कधीचा मेला, अन् त्याच्यापायी माझ्या पोराची सोयरीक अडली. मानोऱ्याची अनसूयाबाई, म्हणजे मुलीची माय, म्हणते की केस वाढवून बाईचं सोंग घेणाऱ्याले आमी पोरगी देत नाही. माझ्या नामदेवाले तिनं पाहिलंबी नव्हतं. मी म्हटलं, चला वाशीमले, त्याचा फ्रान्सवाला खेळ डोळ्यानं पाहा अन् मंग नाही म्हणा.

किन्हीराजाहून आमची बैलांची दमणी पहाटे निघाली. मालेगावपर्यंत नुसता फुफाटा. कोणाले जायचं असेल तर तोंडाले फडकं बांधा. तिथून मोटार मिळते, पण भरल्याबिगर हलत नाही. तवर भाकरी-ठेचा खाल्ला. अनसूयाबाई म्हणाली, भाकरी जाड हाये. मी म्हटलं, म्हणून तर पुरली.

वाशीमात खेळ मांडवात होता. बायकांची जागा चिकाच्या पडद्यामागं, चार आणे. खांबाजवळ बसू नका, काही दिसत नाही. नाटक मराठीत आणणारे मास्तर आधी लई बोलले. फ्रान्समधी शेकडो वर्षांपासून नाटकं लिहितात म्हणे. एक राजाच्या मर्जीतला, दुसऱ्याची पुस्तकं जाळली, तिसरा देश सोडून पळाला. नाटकवाला मेला तर पुरायले धड जागा देत नसत, पण खेळाले गर्दी तेवढीच. म्हणजे तिथंबी अनसूयाबाया होत्या.

मंग फ्रान्सचे लोक पागोटे घालून आले. एक म्हातारा पैशासाठी पुतणीचं लग्न ठरवते, अन् पुतणी गोड बोलून त्याले उघडा पाडते. त्यात एक दासी होती. मान जाडी, पदर सावरता येईना.

"हाच ना तुमचा नामदेव?" अनसूयाबाईनं नाक मुरडलं.

"पुढं पाहा," मी म्हणाले. पुतणीवर मात्र ती भाळली. ही खरी बाई आणली असंल, घरंदाज दिसते, असं चाललं होतं तिचं.

खेळ संपला की नाटकातली पुतणी बायकांत हळदीकुंकवाले येते, अशी तिथली रीत. अनसूयाबाई सगळ्यांच्या आधी उठली. कुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली.

"ज्या घरी जाशील त्या घराचं भलं करशील, बाई."

पुतणी पाया पडली अन् आपल्या खऱ्या, घोगऱ्या आवाजात बोलली, "मावशी, मीच नामदेव."

बायका पोट धरून हसल्या. अनसूयाबाई नाही हसली. ओटी भरली ती भरली, परत कशी मागणार?

मालेगाव आलं तवा ती म्हणाली, "केस कापील का?"

"नाटक हाये तवर नाही म्हणते."

"मंग माझ्या पोरीनं त्याची वेणी घालायची?"

"घालंल. तो तिची घालंल."

घरी आले. फ्रान्सचं अर्धं विसरले. ओटी भरतानाचं अनसूयाबाईचं तोंड काही डोळ्यापुढून हलत नाही. तवा पोरगं तिच्या मनात भरलं होतं, अन् ते तिलेबी ठाऊक हाये.

हे पेपरात छापून आलं की कोणाकडून वाचून घ्या, अनसूयाबाई. तो केस कापणार नाही, नाटक सोडणार नाही. पोरगी देता का नाही, ते अक्षयतृतीयेच्या आत सांगा. त्याच्यानंतर मी वाट पाहत नाही.