दहा मिनिटांचं काम

वामन गेल्याचं मला त्याच्या शेजाऱ्याने फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी गाईसाठी सरकीची ढेप भिजवत होते. "बाई, वामनभाऊ उठून नाई राह्यले," एवढंच तो बोलला. मी विचारलं, श्वास चालू आहे काय. तो म्हणाला, तुम्ही निघा... मग मी समजले. बादली बाजूला सारली, हात धुतले, घराला कुलूप लावलं आणि हिंगणघाटची एसटी धरली, तिथून वर्ध्याची. नालवाडीत त्याच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि त्याला भुईवर घेतलं होतं. झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही, असं जो तो सांगत होता. हे कोणी पाहिलं, असं माझ्या मनात आलं. घरात एकटाच राहणारा माणूस. त्याला त्रास झाला की नाही हे सांगणारं तिथे कोण होतं?

वामन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई वावरात जायची म्हणून त्याला सांभाळायला मला चौथीतून काढलं. हा टोमणा मी त्याला जन्मभर मारला. तुझ्यापायी माझी शाळा गेली, असं मी त्याच्या लग्नातही म्हणाले होते आणि तो हसला होता. तो शिकला, टेलिफोन खात्यात लागला. खांबांवर चढला, जमिनीतल्या तारा जोडल्या आणि पुढे मशिनींच्या खोलीत बसायला लागला. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. माझा रेडिओ, शिलाई मशीन, शेजारणीचं मिक्सर, सगळं त्याने उघडलं आणि सगळं दुरुस्त केलं. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत त्याची बायको सुशीला गेली. मुलगा प्रशांत बंगलोरला. इकडे वडनेरला मी एकटी. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही.

सुशीला गेल्यावर वर्षभराने वामन एक दिवस ऑटोतून एक लोखंडी खोकं घेऊन आला. कॉम्प्युटरचं जुनं खोकं, शिवाय एक छोटा पडदा आणि वायरींचं भेंडोळं. मी म्हणाले, हे भंगार इथे कशाला? तो म्हणाला, असंच एक नालवाडीला आहे. घरातले सगळे फोटो, शेताचे कागद, सुशीलाचा आवाज, सगळं त्याच्यात ठेवलं आहे. तिथलं रोज आपोआप इंटरनेटच्या वायरीतून इथे येऊन पडेल. तिथे काही झालं तरी इथलं राहील. हे मला लगेच पटलं. आमची आई ज्वारीचं बियाणं कधी एका घरी ठेवत नसे. अर्धं आपल्या कोठीत, अर्धं मामीकडे. एका घरी कीड लागली, पाणी शिरलं, तर दुसऱ्या घरचं पेरायचं. मी त्याला मागची खोली दिली.

सुशीलाचा आवाज म्हणजे काही गाणंबिणं नव्हे. ती बोलायची फार. वामनने फोनवर तिचं बोलणं भरून ठेवलं होतं. भाजीवाल्याशी घासाघीस, प्रशांतला अभ्यासावरून रागावणं, सांडगे कसे घालायचे ते सांगणं. शेवटच्या महिन्यात तिने मुलासाठी म्हणून जे काही सांगितलं, तेही त्यात होतं.

त्या मशीनला एक खोड होती. त्या खोक्याच्या मागे एक पेनड्राइव्ह खोचलेला असायचा, बोटाच्या पेराएवढा. मशीन सुरू व्हायचं ते त्याच्यावरून, असं वामन म्हणायचा. पण आमच्याकडे लाइट चार-पाच तास गेली की नंतर ते सुरू व्हायचं नाही. पंखा फिरायचा आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येऊन थांबायची. मग मी फोन करायची आणि दुसऱ्या दिवशी वामन यायचा. मशीनपुढे बसून दहा मिनिटं खटखट करायचा आणि ते सुरू व्हायचं. पण राहायचा दोन दिवस. मी म्हणायची, "दहा मिनिटाच्या कामाले दोन दिवस लागते काय रे?"

"मशीन आहे बाई. चालू केल्यावर तिच्यापाशी बसा लागते."

बसायचा मात्र माझ्यापाशी, ओसरीवर. भुईमुगाच्या शेंगा फोडून द्यायचा, गाईचं दावं बदलायचा, गावात कोण गेलं, कोण राहिलं, विचारायचा. मी कामात असायची. ऐकायची, उत्तर द्यायची, कधी द्यायचीही नाही. आमच्याकडे लाइट काय, महिन्या-दीड महिन्याला जातेच. चार वर्षं असं चाललं.

या मे महिन्यात वादळ झालं, तारा तुटल्या आणि दोन दिवस लाइट नव्हती. मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, उद्या निघतो. उन्हं अशी होती की दुपारी कुत्रं बाहेर निघत नव्हतं. मी म्हणाले, "कायले येतं उन्हाचा? राहू दे बंद. तुह्या डब्यावाचून माह्यं काही अडून नाई राह्यलं."

चार दिवसांनी त्याने पुन्हा फोन केला, येऊ काय म्हणून. मी पुन्हा नाही म्हणाले. पाऊस पडून थंडावा आला की ये, म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी शेजाऱ्याचा तो फोन आला. आमचं शेवटचं बोलणं ते... डब्याचं.

दिवस झाले. प्रशांतला सुट्टी थोडी होती. घर भाड्याने द्यायचं ठरलं, म्हणून त्याने सामान काढलं. नालवाडीचं मशीन भंगारात दिलं आणि देण्याआधी आतलं सगळं पुसलं. जुनं मशीन पुसल्याशिवाय कोणाला देऊ नये, असं त्याच्या ऑफिसात शिकवलेलं. आत्याकडे सगळं आहेच, असं तो धरून चालला होता. बंगलोरला पोचल्यावर त्याने तिथून माझं मशीन पाहिलं तर ते दिसेना. मला फोन आला. मी म्हणाले, ते मेपासून बंद आहे. मग तो हळूच म्हणाला, "आत्याबाई, मग आईचा आवाज आता फक्त तिथेच आहे." मी त्याला रागावले नाही. बंद आहे हे मी तरी कुठे सांगितलं होतं.

त्याने सांगितलेली बटणं दाबून पाहिली. तेच, पंखा आणि काळा पडदा. तो म्हणाला, पेनड्राइव्ह बिघडला असेल, हिंगणघाटला दाखवून घ्या. मी तो काढला, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि गेले. दुकानदार पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर. त्याने आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि मान हलवली. "आजी, हा गेला. फॉरमॅट मागते. करून देतो, एकदम नवा होऊन जाईल." मी विचारलं, फॉरमॅट म्हणजे काय? तो म्हणाला, आतलं सगळं पुसायचं. मी हात पुढे केला. "दे इकडे. पुसाचंच असतं तं घरी पोछा होता माह्याकडे." तो वाईट माणूस नव्हता. चहा घेऊन जा म्हणाला. मी घेतला नाही. पुसणं एकदा झालं होतं, तेवढं पुरे होतं.

घरी येऊन हे प्रशांतला सांगितलं आणि रात्रभर त्याने त्याबद्दल कुठे कुठे वाचलं. सकाळी फोन करून म्हणाला, बरं झालं आत्याबाई. बाबांनी पेनड्राइव्हवर जे टाकलं आहे ते दुकानातल्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही, म्हणून तो पुसू का विचारतो. पेनड्राइव्ह चांगला असू शकतो. मग त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि मला फोन पडद्यासमोर धरायला सांगितला. मशीन सुरू करून लगेच वरच्या रांगेतलं एक बटण दाबत राहायचं. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा निळा पडदा आला, भरून अक्षरं. तो तिकडून वाचू लागला. पडद्याची चमक फोनात येत होती म्हणून त्याला नीट दिसेना. मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. फोन नंबर लावणाऱ्या कोणालाही येतात. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. मी म्हणाले, "प्रशांत, याच्यात साल जुनं आहे रे. तुह्या लग्नाच्याही आधीचं."

तो म्हणाला, "किती?" मी आकडे सांगितले. तो म्हणाला, "पेनड्राइव्ह नाही आत्याबाई. सेल गेला आहे." मग त्याने समजावलं. मशीनच्या पोटात एक छोटा गोल सेल असतो, घड्याळात असतो तसा. लाइट गेली तरी मशीनला तारीख आणि सुरू कसं व्हायचं हे त्याच्या जोरावर लक्षात राहतं. सेल संपला की ते सगळं विसरतं. पेनड्राइव्ह मागे खोचलेला असूनही तिकडे पाहायचं हे त्याला आठवत नाही. बाबा येऊन जी खटखट करायचे, ते हेच. त्याला पुन्हा सांगायचे की, पेनड्राइव्हकडे पाहा.

मी शिलाई मशीनच्या पेचकसाने खोक्याची बाजू उघडली. प्रशांत म्हणाला, पट्टीवर रुपयासारखा चकचकीत सेल दिसेल. दिसला. पण त्याआधी दुसरंच दिसलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या चिकटपट्टीने एक पाकीट चिकटवलेलं होतं. कंपनीचं बंद पाकीट आणि आत तसाच गोल सेल, नवा. मी ते फोनसमोर धरलं. प्रशांतने ते पाहिलं आणि म्हणाला, मी कॉलेजात असताना बाबांनी माझ्या कॉम्प्युटरचा असाच सेल बदलून दिला होता, पाच मिनिटांत. तो आणखीही काही म्हणाला असेल. मी ऐकलं नाही.

वामनला माहीत होतं. टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला संपलेला सेल समजणार नाही, असं कसं होईल? सेल आणून ठेवला होता. झाकणाला चिकटवून ठेवला होता, कधी लागलाच तर हाताशी असावा म्हणून. बसवला मात्र नाही. चार वर्षं उन्हापावसात दोन एसट्या बदलून येत राहिला आणि दहा मिनिटं खटखट करत राहिला.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. सुशीला जाऊन चार-सहा महिने झाले असतील, वामन सकाळीच माझ्या दारात उभा. सण नाही, भाऊबीज नाही, हातात पिशवीही नाही. मी म्हणाले, "काऊन आला रे? काही काम होतं काय?" मी सगळ्यांनाच असं विचारते, माझ्या तोंडाला तेच वळण आहे. तो म्हणाला, "नाई... असाच." चहा प्यायला आणि दुपारच्या गाडीने गेला. मीही थांब म्हणाले नाही. आमच्यात भावाने बहिणीच्या घरी काम नसताना पडून राहणं, तिचं खाणं, बरं दिसत नाही. हे आम्हा दोघांनाही आईनेच शिकवलेलं. त्यानंतर तो बरेच महिने आला नाही. आला तो ऑटोतून खोकं घेऊन. मी काम विचारलं होतं. त्याने काम आणून माझ्या मागच्या खोलीत ठेवलं.

आणि मेमध्ये मी त्याचं ते कामही बंद केलं. उन्हाची काळजी होती, हे खरं आहे. पण ते मी ज्या शब्दांत सांगितलं, तेही खरंच आहे. लोक मला म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला काय माहीत. माहीत नव्हतंच. पण विचारता आलं असतं. दोन दिवस कशाला राहतोस, हे मी टोमणा म्हणून शंभरदा विचारलं. खरं उत्तर ऐकायला म्हणून एकदाही नाही.

नवा सेल मी बसवला. जुना नखाने उचलला की टुणकन निघतो. निळ्या पडद्यावर प्रशांतने सांगितलं तसं पेनड्राइव्हचं नाव वर आणलं, आजची तारीख घातली, आणि लाइट आली की आपोआप सुरू हो, असंही त्याला सांगून ठेवलं. मशीन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत प्रशांतने तिकडे सगळं उतरवून घेतलं. रात्री त्याचा फोन आला. आईचा आवाज ऐकला म्हणाला, सांडग्यांचा. मग म्हणाला, आता माझ्याकडे आहे, तुम्हाला ते खोकं अडचण होत असेल तर काढून टाका. मी म्हणाले, नाही. एका घरी ठेवू नये.

परवा पुन्हा लाइट गेली. सकाळी गेली, दुपार कलल्यावर आली. मी मागच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. मशीनने स्वतःच एकदा टीं केलं, पंखा फिरला, काळ्या पडद्यावरून अक्षरं भरभर वर गेली आणि हिरवा दिवा लागला. दोन मिनिटंही लागली नाहीत. प्रशांतला कळवायचं म्हणून फोन हातात घेतला, पण त्याला तिकडूनच दिसलं असेल म्हणून ठेवून दिला. मशीन आता नीट चालतं. त्याच्यासाठी कोणाला यायचं काम नाही.