मागच्या सीटची ऐट

जर्मनीत असताना माझ्याकडे एक लहान गाडी होती. मागची सीट संपली की गाडीही संपायची. समोरच्या घरातले न्यायाधीश तेच मॉडेल चालवायचे आणि शनिवारी मागची सीट पाडून तीत सरपण भरायचे. सुरुवातीला मला त्यांची दया यायची. आमच्या कोल्हापुरात न्यायाधीशांच्या गाडीत मागच्या सीटवर स्वतः न्यायाधीश असतात.

मी परत आले तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नवीन गाडी बघत होता. माझ्याच गाडीचं नाव यादीत दिसलं म्हणून हौसेने त्याच्याबरोबर शाहूपुरीतल्या शोरूममध्ये गेले. तोंडवळा ओळखीचा होता. पण मागे डिकीचा पेटारा जोडलेला, कडेने चमकत्या पट्ट्या, मागच्या सीटला एसीचे झरोके, हात टेकायला गादी, खिडक्यांना पडदे. तिकडच्या गाडीत चालवणाऱ्याच्या कमरेला आधार होता. इथे तो काढून टाकला होता. इथे चालवणारा एक आणि मालक दुसरा, हे कंपनीने आधीच धरून ठेवलेलं.

"मागं जागा बघा म्याडम, मांडी घालून जेवाल," सेल्समन म्हणाला.

दादाला हवी होती ती नेमकी हीच सीट. तिथे आण्णांना, आमच्या वडिलांना, बसवायचं होतं. आण्णा शिरोळच्या शाळेत शिक्षक होते आणि मंगळवार पेठेतून रोज स्वतः गाडी चालवत जायचे. एरवी तोंडातून वावगा शब्द काढायचे नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले की मात्र त्यांचं शब्दवैभव कळायचं. हल्ली त्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं. गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षाला त्यांनी गाडी घासली, तेव्हा डॉक्टरांनी चालवणं बंद करायला सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून किल्ली उशीखाली घेऊन झोपू लागले. शेवटी दादाने त्यांना कसंबसं राजी करून जुनी गाडी विकली आणि नवीसाठी ड्रायव्हर ठरवला.

गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा असतो, हे मला नवीन होतं. गाडीवर साटीनचा बुरखा, शेजारी केक, आणि माणसाएवढी थर्माकोलची किल्ली. ती आण्णांच्या हातात देऊन फोटो काढला.

"आता मला एवढीच किल्ली मिळणार व्हय?" आण्णांनी विचारलं. सगळे हसले. आण्णा हसले नाहीत.

घरी आत्याने गाडी ओवाळली, चाकांखाली लिंबं ठेवली. ड्रायव्हर दुसऱ्या दिवसापासून येणार होता. दादाने मागचं दार उघडून धरलं.

"बसा आण्णा."

"बस की रं, राजासारखा!" आत्या म्हणाली.

"मढं बी मागंच ठेवत्यात," आण्णा म्हणाले.

आत्या ताटातली वात उगाच सारखी करत राहिली. शेवटी दादा मला म्हणाला, "तू तरी बस बाई, लिंबावरनं गाडी पुढं घे."

मी लगबगीने डावीकडचं दार उघडलं, बसले, आणि स्टिअरिंगसाठी हात पुढे केला. समोर फक्त कप्पा होता.

"जर्मनीचं पावणं आलं बघा!" दादा ओरडला. आता मात्र आण्णाही हसले, पार ठसका लागेपर्यंत. मग माझ्या दाराशी आले.

"तिकडं हितं बसून चालवत्यात?"

"हो."

"मग उतर."

मी उतरले. आण्णा त्या सीटवर बसले, पट्टा लावला, आरसा बघितला. तो आरसा त्यांच्या कोनातला नव्हता, पण बघितला. मी वळसा घालून उजवीकडे गेले. मागे ऐटीत बसायला पेढ्यांचा पुडा होता.

"क्लच दाब. पहिला टाक. डाव्या हातानं गं!"

लिंबं फुटली. आम्ही रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. प्रत्येक वळणाआधी आण्णांचा उजवा पाय जिथे काहीच नाही तिथे ब्रेक दाबायचा. मी त्या पायाकडे बघून ब्रेक मारत होते.